१८९७ साली लंडनमध्ये बॅटरीवरच्या टॅक्सी धावत होत्या, मग ती कंपनी दोन वर्षांत का बंद पडली?

पाथरीकर_०७

नमस्कार मंडळी. मी पाथरीचा, सध्या परभणीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. सेमिनारसाठी सरांनी मला जुन्या वाहनांचा विषय दिलाय. शोधता शोधता लंडनच्या बर्सी कॅबचा फोटो सापडला. दिसायला बग्गीच, पण पुढं घोडा नाही, आणि गाडीवान उंचावर बसलेला. खाली लिहिलंय, १८९७, विजेवर चालणारी भाड्याची गाडी.

खरं सांगतो, इलेक्ट्रिक गाडी ही आपल्या पिढीची गोष्ट असं मी धरून चाललो होतो. सव्वाशे वर्षांपूर्वी लोक त्यात बसून भाडं देत होते हे वाचून दोन दिवस डोक्यातून जाईना. पण पुढचं सगळीकडे एकाच ओळीत उरकलंय: बॅटरी कमकुवत होती म्हणून कंपनी १८९९ ला बंद पडली. कमकुवत म्हणजे काय? पहिल्या दिवशी जी गाडी चालली ती दोन वर्षांनी का चालेना? नेमकं काय बिघडत होतं, हे कुणी समजावून सांगेल का?

विचारायला घरचंही एक कारण आहे. आमचे वडील पाथरीत पेट्रोलची रिक्षा चालवतात. आता बॅटरीची घ्यावी असं त्यांच्या मनात आहे, आणि मी मात्र दिवसभर बॅटरीच्या गाड्यांची बुडालेली कंपनी वाचतोय.

अंबाजोगाईचे_मास्तर

चांगला विषय घेतलास. सनावळी एकदा लावून घे, म्हणजे बाकीचं बोलणं सोपं जाईल.

इंग्लंडमध्ये १८९६ च्या नोव्हेंबरपर्यंत घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीवर जाचक बंधनं होती. त्या महिन्यात नवा कायदा लागू झाला, वेगाची मर्यादा वाढली आणि रस्ता मोकळा झाला. वॉल्टर बर्सी हा तरुण विद्युत अभियंता तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेला. लंडन इलेक्ट्रिकल कॅब कंपनीसाठी त्यानं या गाड्यांची रचना केली आणि ऑगस्ट १८९७ मध्ये पहिल्या डझनभर गाड्या रस्त्यावर आल्या. पुढं संख्या सुमारे ७५ पर्यंत गेली. नंतरच्या गाड्या ग्लॉस्टरच्या रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यात तयार झाल्या. वेग ताशी १५ ते १९ किलोमीटर, एका चार्जिंगवर पल्ला साधारण ५० किलोमीटर. आत-बाहेर विजेचे दिवे. पिवळा-काळा रंग आणि मोटारीचा गुंजारव यामुळे लोकांनी त्यांना हमिंगबर्ड असं नाव ठेवलं होतं.

महिनाही झाला नव्हता, तोच १० सप्टेंबर १८९७ च्या मध्यरात्रीनंतर जॉर्ज स्मिथ नावाच्या चालकानं दारूच्या नशेत अशीच एक गाडी न्यू बाँड स्ट्रीटवरच्या इमारतीवर घातली. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल शिक्षा झालेला पहिला माणूस म्हणून त्याचं नाव घेतात. दंड २० शिलिंग. त्याच महिन्यात एक नऊ वर्षांचा मुलगा गाडीच्या मागं लटकायला गेला, त्याचा कोट यंत्रात अडकला आणि तो दगावला. ऑगस्ट १८९९ मध्ये कंपनीचा कारभार आटोपला.

आपल्या भागाशी धागा हवा असेल तर हे सेमिनारमध्ये घाल. निजाम सरकारनं १९३२ साली २७ बसगाड्यांवर सरकारी बससेवा सुरू केली. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. त्या गाड्या अल्बियन कंपनीच्या होत्या. ही अल्बियन ग्लासगोत स्थापन झाली तीसुद्धा १८९९ मध्येच, म्हणजे बर्सी बंद पडली त्याच वर्षी. एक कंपनी दोन वर्षांत संपली आणि दुसरीच्या गाड्या तेहतीस वर्षांनी आपल्या मुलखात पोचल्या.

बॅटरीच्या आत काय होतं ते मला सांगता येणार नाही. लातूरचे वर्कशॉपवाले मामा इथं असतात, ते सांगतील.

बॅटरी_वर्कशॉप_लातूर

मास्तरांनी हाक मारली म्हणून दुकान बंद करून सावकाश लिहायला बसलोय. लांबेल, पण पोरानं विचारलंय तसं कुणी विचारत नाही.

'बॅटरी कमकुवत होती' हे वाक्य मला पटत नाही. ज्यानं कधी बॅटरी उघडून बघितली नाही त्याचं ते वाक्य आहे. आमचं दुकान गंजगोलाईच्या मागं. वडील ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या बांधायचे, मी इन्व्हर्टरच्या करत आलो आणि आता जास्त करून रिक्षाच्या येतात. बॅटरी कशानं मरते हे मी रोज हातानं बघतो, आणि बर्सीच्या गाडीची हकीकत वाचली तेव्हा ते मरण मला ओळखीचं वाटलं.

आधी एक बॅटरी उघडून दाखवतो. उन्हाळ्यात औशाचा एक रिक्षावाला आला. म्हणला, "मामा, चढाला गाडी दम टाकायलीय. दोन फेऱ्या झाल्या की बसायलीय." चार बॅटऱ्या, बारा-बारा व्होल्टच्या. प्रत्येक बॅटरीत सहा सेल, म्हणजे गाडीत चोवीस. हायड्रोमीटर घालून एकेका सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतलं ॲसिड किती दाट आहे ते, बघत गेलो. सेल भरलेला असला की आकडा जास्त येतो. सगळे बाराशे चाळीस-पन्नासला, आणि शेवटच्या बॅटरीतला मधला एक सेल अकराशेच्या आसपास. चोवीसातला एक. ॲसिड काढलं, झाकण कापलं, प्लेटांचा संच वर ओढला. पॉझिटिव्ह प्लेट म्हणजे शिशाची जाळी आणि त्यात भरलेला चॉकलेटी रंगाचा लेप. वीज साठते ती त्या लेपात. या प्लेटेची खालची अर्धी जाळी उघडी पडली होती, उजेडाला धरली तर आरपार दिसत होतं. आणि डब्याच्या तळाला बोटभर तपकिरी गाळ. तो गाळ म्हणजे झडून पडलेली प्लेट. गाळ साचत साचत प्लेटांच्या बुडाला टेकतो, मग पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह आतल्या आत जोडल्या जातात, सेल शॉर्ट होतो. त्याच्यापुढं रात्रभर चार्जर लावा नाहीतर आठवडाभर, तो सेल भरत नाही. आणि सगळे सेल एका माळेत असल्यामुळं तो एक सेल बाकीच्या तेवीसांना खाली ओढतो.

मी त्याला विचारलं, रोज कुठून जातोस? तर वर्षभरापासून रुंदीकरणासाठी उकरून ठेवलेल्या रस्त्यानं. टायर बघितले तर एक गुळगुळीत, आणि तिन्हीत हवा दगडासारखी ठासून भरलेली, गाडी हलकी पळावी म्हणून. सगळे दणके थेट प्लेटांना.

आता हेच लंडनला नेऊन बघ. रिक्षातल्या चार बॅटऱ्यांचं वजन शंभर-सव्वाशे किलो. बर्सीच्या गाडीत ४० सेल होते, आणि त्या एकट्या बॅटरीचं वजन ७०० किलोच्या घरात. गाडी एकूण दोन टनांच्या आसपास. एवढं वजन ज्या चाकांवर होतं त्यांना हवेचे टायर नव्हते, भरीव रबराची पट्टी होती. खाली लंडनचे दगडी फरसबंद रस्ते. दोन टन वजन, भरीव रबर आणि दगड, यामध्ये सापडली होती ती शिशाच्या जाळीतली लेपाची प्लेट.

लेपाची प्लेट हेही समजून घे. शिशाची बॅटरी प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये केली. त्याची प्लेट निव्वळ शिशाच्या पत्र्याची. मजबूत, पण वजनाच्या मानानं वीज कमी धरायची. १८८१ मध्ये फॉरनं लेप लावायची युक्ती काढली. तेवढ्याच वजनात वीज जास्त मावायला लागली, म्हणून तर गाडीत बॅटरी घालायचा विचार तरी करता आला. पण लेप झडतो. एका जागी ठेवलेल्या बॅटरीत हळूहळू झडतो, हादऱ्यात पटापट झडतो. म्हणजे ज्या गोष्टीमुळं गाडी चालणं शक्य झालं, तीच गोष्ट चालण्यामुळं झिजत होती. बर्सीचं दुखणं हे आहे. पहिल्या दिवशी गाडी उत्तम चालली, कारण प्लेटा नव्या होत्या. सहा महिन्यांनी त्याच गाडीचा पल्ला घटला, आवाज वाढला, टायर झिजले. झिजलेल्या टायरांमुळं हादरे वाढले आणि त्या हादऱ्यांनी प्लेटा आणखी झडल्या. टायर बदलायचा खर्च आणि प्लेटा बदलायचा खर्च एकाच वेळी अंगावर आला. घोड्याच्या गाडीएवढंच भाडं घेऊन हा खर्च निघेल कसा?

आणि चार्जिंग. सगळ्या गाड्यांना घरी जायची एकच जागा, लॅम्बेथचा डेपो. तिथली सोय मात्र वाचून मी थक्क झालो. बॅटरीचा अख्खा ट्रे गाडीच्या पोटाखाली लटकवलेला असायचा. गाडी आली की पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या जॅकनं तो ट्रे खाली घ्यायचा, भरलेला वर चढवायचा, दोन-तीन मिनिटांत गाडी परत रस्त्यावर. आज शहरांत बॅटरी बदलून देणारी केंद्रं निघालीत आणि लोक त्याला नवीन शोध समजतात. १८९७ मध्ये हे चालू होतं! त्या माणसांची डोकी कमी नव्हती. कमी पडलं ते रबर, रस्ता आणि प्लेटेची पकड.

आमच्या धंद्यातली माणसं प्लेट झडू नये म्हणून पुढची कित्येक वर्षं झटली. जाळीच्या पट्ट्या बदलल्या, मिश्रधातू बदलले, प्लेटा एकमेकींना टेकू नयेत म्हणून मधे घालायचे चांगले सेपरेटर आले, प्लेटेला चिकटून बसणारी काचेच्या तंतूंची गादी आली, नळीच्या आकाराची प्लेट आली. इन्व्हर्टरला जी ट्यूब्युलर बॅटरी म्हणतात ना, तिच्यात लेप कापडाच्या नळीत कोंडलेला असतो, म्हणून ती टिकते. बर्सीला हे मिळालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार दुकानात एकटा असलो की मी करतो.

पाण्याचं राहिलं. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्या देशानं बघितलं. त्या साली कितीतरी लोकांनी बॅटरीत टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी ओतलं. वर्षभरात त्या बॅटऱ्या एकामागून एक दुकानात आल्या, प्लेटांवर पांढरा थर. बॅटरीला रोज बघणारा माणूस लागतो. लंडनच्या कंपनीत असे हात किती असणार? ते कामच तेव्हा नवीन होतं. घोड्याची काळजी घेणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली होती, बॅटरीची काळजी घेणारा माणूस अजून घडायचा होता.

पाथरीकर_०७

मामा, तुम्ही लिहिलेलं मी तीनदा वाचलं आणि वडिलांनाही वाचून दाखवलं. उजेडाला धरलेल्या प्लेटेचं मी सेमिनारमध्ये सांगणार आहे. एक विचारतो, अमेरिकेत तर या गाड्या पुष्कळ वर्षं चालल्या म्हणतात. तिकडं प्लेटा झडल्या नाहीत का?

शेंद्र्याचा_फिटर

अमेरिकेचं मी सांगतो. मी शेंद्रा एमआयडीसीत गाड्यांच्या जुळणीच्या लाइनवर काम करतो आणि या कंपनीची गोष्ट मला फार जवळची वाटते.

फिलाडेल्फियाच्या मॉरिस आणि सॅलोम या दोघांनी १८९४ मध्ये इलेक्ट्रोबॅट नावाची गाडी केली. १८९७ मध्ये त्यांच्या गाड्या न्यूयॉर्कमध्ये भाड्यानं फिरू लागल्या. त्याच वर्षी आयझॅक राइस यांनी तो धंदा विकत घेतला आणि इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी उभी केली. बॅटरी बनवणारी कंपनीही राइस यांच्याच हातात होती. त्यांनी ब्रॉडवेवरची एक जुनी स्केटिंगची जागा घेऊन तिथं बॅटरी बदलायचं स्टेशन केलं. गाडी ठरलेल्या जागी आणून उभी करायची, यंत्रानं ट्रे बाहेर ओढायचा, वरच्या क्रेननं तो चार्जिंगच्या हॉलमध्ये न्यायचा आणि भरलेला आत सरकवायचा. आमच्या लाइनवर आज सब-असेंब्ली, म्हणजे आधीच जोडून तयार केलेला भाग, जशी येते, अगदी त्याच पद्धतीनं. ते चित्र मी बघितलं तेव्हा मला त्या कामगारांशी बोलावंसं वाटलं.

न्यूयॉर्कचा डेपो नीट चालला, कारण गाड्या विकल्या नव्हत्या, भाड्यानं दिल्या होत्या आणि रोज संध्याकाळी सगळ्या एका छपराखाली येत होत्या. बिघाड दिसला की तिथंच हात लागायचा. मग १८९९ मध्ये व्हिटनी वगैरे मोठे पैसेवाले आत आले. हजारो गाड्यांच्या योजना आखल्या, हार्टफर्डच्या पोप यांच्या कोलंबिया कारखान्याशी जोडणी केली आणि बॉस्टन, शिकागोसारख्या शहरांत कंपन्या काढल्या. तिथं ना न्यूयॉर्कसारखं स्टेशन, ना शिकलेले चालक. तिथल्या कंपन्या लवकरच गुंडाळल्या. न्यूयॉर्कच्या गाड्या मात्र पुढंही बरीच वर्षं चालत होत्या.

त्याच १८९९ मध्ये न्यूयॉर्कात २० मे रोजी जेकब जर्मन नावाच्या विजेच्या टॅक्सीच्या चालकाला ताशी १२ मैलांनी गाडी पळवली म्हणून सायकलवरच्या पोलिसानं पकडलं. १३ सप्टेंबरला हेन्री ब्लिस ट्रॅममधून उतरताना विजेच्या टॅक्सीखाली सापडून दुसऱ्या दिवशी वारले.

कंपनीचा शेवट मला सगळ्यात खटकतो. गाड्या सुधारायच्या सोडून तिनं सेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाचं पेटंट हातात घेतलं. हे पेटंट होतं पेट्रोल गाडीचं! अर्ज १८७९ चा, मंजुरी १८९५ ची. त्या जोरावर पेट्रोल गाड्या बनवणाऱ्यांकडून किमतीच्या सव्वा टक्का रॉयल्टी घ्यायची ठरली. हेन्री फोर्ड यांनी नकार दिला, १९०३ मध्ये खटला उभा राहिला. कंपनी १९०७ मध्येच दिवाळखोरीत गेली, आणि १९११ मध्ये अपिलात फोर्ड सुटले. जिनं विजेच्या गाडीवर नाव कमावलं तिनं शेवटची वर्षं दुसऱ्याच्या पेट्रोल गाडीवर हक्क सांगण्यात घालवली. ज्या हातांनी ते ब्रॉडवेचं स्टेशन चालवलं त्यांच्या बाजूनं मला याचं वाईट वाटतं.

बॅटरी_वर्कशॉप_लातूर

फिटरभाऊ, हे तुम्ही फार मोलाचं सांगितलं. गाड्या संध्याकाळी एका छपराखाली येत होत्या, सगळं त्यातच आलं. प्लेटा न्यूयॉर्कातही झडल्याच असणार, शिसं तेच आणि ॲसिडही तेच. पण झडायला लागल्या की दिसत होत्या, म्हणून बदलता येत होत्या. बॉस्टनला गाडी गेली, बघणारा हात गेला नाही. आपल्याकडंही बघतोय मी. एका कंपनीनं इथं जवळच्या तालुक्यात रिक्षा विकल्या, दीड वर्षात शोरूमचं शटर खाली आलं, आणि ती गरीब माणसं हप्ते भरत मेलेल्या बॅटऱ्या पोत्यात घालून माझ्याकडं आणतात. त्यांच्याकडून मजुरी घ्यायला हात उचलत नाही.

पाथरीकर, सेमिनारमध्ये शेवटी आणखी एक घाल. विजेच्या गाडीला तेव्हा एक मोठा फायदा होता, हँडल मारावं लागत नव्हतं. पेट्रोल गाडीचं हँडल उलटं फिरून माणसांचे हात मोडायचे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत केटरिंग यांचा सेल्फ स्टार्टर आला, आणि तो स्टार्टर फिरवायला काय लागलं? शिशाचीच बॅटरी. बर्सीच्या गाडीतलं जे लेकरू हादऱ्यांनी दगावलं, तेच पेट्रोलच्या घरी जाऊन मोठं झालं. वडिलांच्या दुकानात आयुष्यभर ज्या बॅटऱ्या आल्या त्या सगळ्या तिथल्याच.

आता वडिलांच्या रिक्षाचं. घाबरू नका म्हणावं त्यांना. रस्ता बरा, टायर हवेचे आणि बॅटरी सव्वाशे वर्षांनी सुधारलेली आहे. पण विकत घ्यायच्या आधी, त्या मॉडेलची बॅटरी उघडणारा माणूस पाथरीत, मानवतला नाहीतर परभणीत कोण आहे ते जाऊन बघा. शोरूममध्ये विचारू नका, आधीपासून ती रिक्षा चालवणाऱ्या दोघा-तिघांना स्टँडवर गाठून विचारा. लेडची, म्हणजे शिशाच्या बॅटरीची घेतली तर निम्म्याच्या खाली बॅटरी उतरू द्यायची नाही, डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावरच घालायचं आणि महिन्यातून एकदा चोवीसही सेलची ग्रॅव्हिटी वहीत उतरवायची. एखादा सेल मागं पडायला लागला की वहीत आधी दिसतो, रस्त्यावर नंतर. टायरात कंपनीनं सांगितली तेवढीच हवा. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दुपारी उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, सावलीत तासभर थंड होऊ द्यावी. लिथियममध्ये पाण्याची कटकट नाही आणि वजनही निम्म्याहून कमी, पण पैसे आधी जास्त मोजावे लागतात, आणि बिघडली तर माझ्यासारख्याला ती उघडता येत नाही, कंपनीकडंच जावं लागतं.

वडील रोज किती किलोमीटर फिरतात, सवाऱ्या किती घेतात आणि रस्त्यात चढ कुठं आहे, ते इथं लिही. मग लेड की लिथियम ते सांगतो.

पाथरीकर_०७

मामा, रोज पन्नास-पंचावन्न किलोमीटर. बसस्टँड ते साईबाबा मंदिर आणि आजूबाजूच्या दोन-तीन खेड्यांच्या फेऱ्या. सवाऱ्या चार, बाजाराच्या दिवशी पाच. चढ म्हणावा असा नाही, पण खेड्याकडचे रस्ते खडीचे आहेत.

बॅटरी_वर्कशॉप_लातूर

खडीचा रस्ता आणि पंचावन्न किलोमीटर असेल तर लेडची बॅटरी रोज निम्म्याच्या बरीच खाली जाणार, आणि वर हादरे. लिथियम घ्या. हप्ता थोडा जास्त बसेल, पण चार्जरसकट लेखी वॉरंटी घ्या आणि ती परभणीतच मिळेल असं कागदावर लिहून घ्या. पाचवी सवारी मात्र बाजारालाही नको. घेताना परभणीला येणं झालं तर कळव, शनिवारी मी माल आणायला तिकडं असतो. गाडी मी स्वतः बघून देतो.